गरोदरपणात चहा-कॉफी किती? कप सोडा, पत्ती मोजा

दिवस गेल्यावर पहिल्याच तपासणीत बहुतेकींना ऐकायला मिळतं, "चहा-कॉफी कमी करा." किती कमी, असं विचारलं तर उत्तर येतं, "दोन कप चालतील." गोची इथेच होते. कप कुठला धरायचा? अमृततुल्यातला चार घोटांचा, ऑफिसातला कागदी, की घरातला तो मोठा मग, ज्यात अमृततुल्याचे तीन कप सहज मावतात? आणि मोजायचं काय, पाणी की त्यात उतरलेलं कॅफिन?

डॉक्टरांच्या मनात असते ती मर्यादा दिवसाला २०० मिलिग्रॅम कॅफिनची असते. ही मर्यादा स्वयंपाकघरात मोजता येते, आणि तेही अवघड नाही. मराठी घरांत कॅफिन मुख्यतः चहातून पोटात जातं, कॉफीतून कमी. म्हणून "मी कॉफी पीतच नाही" म्हणणाऱ्या बाईचा हिशोबही २०० च्या वर गेलेला असू शकतो.

२०० आले कुठून

२००८ साली लेस्टर आणि लीड्समधल्या २,६३५ गरोदर महिलांचा अभ्यास ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. कॅफिन जितकं जास्त, तितकं बाळाचं वजन कमी राहण्याची शक्यता जास्त, असा त्याचा निष्कर्ष होता. त्याच नोव्हेंबरात ब्रिटनने गरोदर महिलांसाठीची मर्यादा ३०० वरून २०० मिलिग्रॅमवर आणली. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१० मध्ये म्हटलं की, २०० च्या आतलं कॅफिन हे गर्भपाताचं किंवा अकाली प्रसूतीचं मोठं कारण दिसत नाही. युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१५ मध्ये हाच आकडा धरला. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला थोडा वेगळा आहे: दिवसाला ३०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त घेणाऱ्या गरोदर महिलांनी ते कमी करावं.

पुरावा एका बाजूने ठाम नाही, हेही सांगायला हवं. डेन्मार्कमध्ये रोज तीन किंवा जास्त कप कॉफी पिणाऱ्या १,२०० हून अधिक गरोदर महिलांचे दोन गट केले. एका गटाला नेहमीची कॉफी दिली, दुसऱ्याला कॅफिन काढलेली. गरोदरपणाच्या उत्तरार्धात कॅफिन कमी करूनही बाळांच्या वजनात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. हे २००७ मध्ये प्रसिद्ध झालं. उलट २०२१ च्या अमेरिकेतल्या अभ्यासात २,००० हून अधिक महिलांच्या रक्तातलं कॅफिनच मोजलं. ज्यांच्या रक्तात ते सर्वांत जास्त होतं, त्यांची बाळं सर्वांत कमी असलेल्यांच्या बाळांपेक्षा सरासरी ८४ ग्रॅमनी हलकी होती. आणि या महिला काही रोज पाच-सहा कप पिणाऱ्या नव्हत्या.

अशा अभ्यासांत आणखी एक पेच असतो. गर्भ नीट रुजला की मळमळ जास्त होते आणि मळमळ झाली की बाई आपणहून कॉफी सोडते. मग गर्भपात झालेल्या बायकांच्या नोंदींत कॉफी जास्त दिसते, ते कॉफीमुळे की त्यांना मळमळच कमी होती म्हणून, हे वेगळं काढणं कठीण जातं.

या सगळ्यातून व्यवहारात घ्यायचं ते असं: २०० ही वरची हद्द आहे, तिथवर पोचायलाच हवं असं काही नाही. १०० ते १५० च्या दरम्यान राहिलात तर एखादा जादा कप झाला तरी धाकधूक राहत नाही. शून्यावर यायला हरकत नाही, पण तो हट्टही नको. (चहाने बाळ काळं होतं, या समजाला काहीही आधार नाही. रंग आईवडिलांकडून येतो.)

पोटात गेल्यावर काय होतं

एरवी चहातलं निम्मं कॅफिन साधारण पाच तासांत शरीर निकाली काढतं. हे काम यकृतातलं एक एन्झाइम करतं. गरोदरपणात ते हळूहळू मंदावतं, आणि शेवटच्या तिमाहीत निम्मं कॅफिन जायला पंधरा तास किंवा त्याहूनही जास्त लागू शकतात. म्हणजे नवव्या महिन्यात संध्याकाळी पाचला घेतलेल्या चहातलं निम्मं कॅफिन दुसऱ्या दिवशी सकाळी आठलाही अंगात असतं. सकाळच्या पहिल्या घोटाआधीच कालच्या एकूण कॅफिनचा किमान तिसरा हिस्सा शिल्लक असतो आणि त्यावर आजचं पडतं. "आधी चार कप प्यायचे तरी काही व्हायचं नाही, आता दोनातच छातीत धडधडतं," ही तक्रार खोटी नाही.

कॅफिन वारेतून सहज पलीकडे जातं. बाळाकडे ते मोडणारं एन्झाइम जवळजवळ नसतंच. त्यामुळे आईच्या रक्तातलं प्रमाण उतरेल तसंच बाळाकडचं उतरतं.

पायरी १: आपल्या डब्यातला चमचा तोला

बारीक दाणेदार चहापत्ती, जी आपल्याकडे बहुतेक घरांत असते, तिच्यात वजनाच्या सुमारे ३ टक्के कॅफिन धरायला हरकत नाही. म्हणजे १ ग्रॅम पत्तीत ३० मिलिग्रॅम. आपण पत्ती बुडवून काढत नाही, खळखळून उकळतो; त्यामुळे तिच्यातलं बहुतेक कॅफिन पातेल्यात उतरतं. हिशोब यामुळेच सोपा होतो. पाणी किती, दूध किती, किती वेळ उकळलं हे सगळं विसरा. पातेल्यात किती ग्रॅम पत्ती पडली आणि तो चहा किती जणांत वाटला, एवढंच बघा.

चमचा सपाट भरला तर साधारण २ ग्रॅम पत्ती बसते. शीग लावून भरला तर ३ ग्रॅम, कधी जास्तही. पण प्रत्येक घराच्या डब्यातला चमचा निराळा असतो, म्हणून आपला तोलून घ्या. छोटा वजनकाटा असेल तर दहा चमचे एकत्र तोला आणि दहाने भागा. एकच चमचा तोलला तर काटा चुकतो. वजनकाटा नसेल तर चहाचा लहान पुडा आणा. वजन त्यावर छापलेलं असतं. तुम्ही रोज भरता तसाच चमचा भरून पुडा डब्यात रिकामा करा आणि चमचे मोजत जा. छापलेल्या वजनाला चमच्यांच्या संख्येने भागलं की आलं उत्तर.

आता चौघांचा चहा ठेवलाय असं धरा. आधणात चार शिगेचे चमचे पडले, म्हणजे १२ ग्रॅम पत्ती, ३६० मिलिग्रॅम कॅफिन. माणशी ९०. असा चहा दिवसात तीनदा घेतला की २७०. तेच चार चमचे बोटाने सपाट करून टाकले तर ८ ग्रॅम, माणशी ६०, तीनदा घेऊन १८०. घोट तेवढेच आणि कपही तेवढेच. मर्यादेच्या आत की बाहेर, हे चमच्यावरच्या त्या शिगेने ठरवलं.

लक्षात ठेवायला एकच आकडा पुरे: तुमच्या वाट्याला दिवसाला ६ ग्रॅम पत्ती, म्हणजे तीन सपाट चमचे, ही हद्द. त्यात दिवसभरात दुसरं काही कॅफिनचं नसेल तरच.

पायरी २: पुड्यावर तारीख लिहा

रोज मोजायचा कंटाळा येणार असेल तर हा उपाय करा. नवा पुडा फोडला की त्यावर पेनाने तारीख टाका, आणि संपला की दिवस मोजा. अर्धा किलोचा पुडा, घरात चहा पिणारी चार माणसं आणि तो सोळा दिवसांत संपला, तर रोज सुमारे ३१ ग्रॅम, माणशी पावणेआठ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे अंदाजे २३५ मिलिग्रॅम. पाहुण्यांचा आणि कामाला येणाऱ्या मावशींचा चहा त्यातून वजा करा. पण तुम्ही इतरांपेक्षा एक कप जास्त घेत असाल तर तोही प्रामाणिकपणे वर चढवा. घरातल्या माणसांना विचारून जो आकडा मिळतो, त्यापेक्षा पुड्याचा आकडा जवळजवळ नेहमीच मोठा निघतो.

पायरी ३: कॉफीची पाकिटं उलटी करून वाचा

झटपट कॉफीत दोन जाती आहेत. एक निव्वळ कॉफी, दुसरी चिकोरी मिसळलेली. चिकोरी म्हणजे एका मुळाची भाजून केलेली पूड. तिच्यात कॅफिन नसतं. मिश्रणात किती टक्के कॉफी आणि किती टक्के चिकोरी हे पाकिटावर छापणं भारतात बंधनकारक आहे. बारीक अक्षरांत असतं, पण असतं.

निव्वळ झटपट कॉफीच्या एका ग्रॅमला ३० ते ३५ मिलिग्रॅम धरा. सपाट लहान चमचा २ ग्रॅमचा, म्हणजे ६० ते ७०. पाकिटावर ७० टक्के कॉफी, ३० टक्के चिकोरी असं असेल तर त्याच चमच्यात ५० च्या आसपास. फेटून, फेस आणून केलेल्या कॉफीत मात्र लोक दोन-दोन चमचे टाकतात. तो एक मग १२० ते १४० चा होतो. डालगोना पद्धतीच्या थंड कॉफीचंही तेच.

फिल्टर कॉफीचं गणित जरा वेगळं. कोडगू-चिकमंगळूरकडच्या बियांत अरेबिका आणि रोबस्टा अशा दोन जाती येतात, आणि रोबस्टात कॅफिन जवळजवळ दुप्पट असतं: अरेबिकात सुमारे १.२ टक्के, रोबस्टात सुमारे २.२. समजा, फिल्टरमध्ये ७०-३० मिश्रणाची २० ग्रॅम पूड घातली. त्यात कॉफी १४ ग्रॅम. दोन्ही जाती अर्ध्या-अर्ध्या असतील तर २४० मिलिग्रॅमच्या आसपास कॅफिन, आणि त्यातलं बहुतेक डिकॉक्शनमध्ये, म्हणजे खाली गाळून उतरलेल्या अर्कात, येतं. त्या डिकॉक्शनचे तीन टंबलर केले तर एकेकात ७५ ते ८०. दोनच केले तर ११५ ते १२०. त्याच पुडीवर दुसऱ्यांदा पाणी ओतून काढलेलं डिकॉक्शन फिकं असतं. गरोदर बाईसाठी तेच बाजूला काढून ठेवणं ही वाईट युक्ती नाही.

कॅफेतल्या कपुचिनोत किंवा लाटेत एस्प्रेसोचे शॉट असतात, एका शॉटला ६० ते ७५. मोठा कप मागितला की दूध वाढतं आणि पुष्कळदा शॉटही दोन पडतात, तेव्हा "एकच शॉट" असं स्पष्ट सांगा. अमेरिका-कॅनडात राहणाऱ्यांनी जास्त जपावं: तिथल्या साखळी दुकानांतला १६ औंसांचा, म्हणजे सुमारे ४७५ मिलीचा काळ्या कॉफीचा एक पेला एकटाच २०० च्या आसपास किंवा त्यापलीकडे जाऊ शकतो.

पायरी ४: बाहेरचा चहा, बाटल्या आणि गोळ्या

टपरीवरच्या कटिंगची पत्ती तुम्हाला मोजता येत नाही. अमृततुल्यात कप लहान असतो, पण चहा घट्ट. इराण्याकडचा 'पानी कम' त्याहून कडक. अशा प्रत्येक कपाला ५० ते ६० धरून चाला. पेल्याच्या आकारावर जाऊ नका. टी-बॅगच्या मगात ७५ पर्यंत धरतात.

ग्रीन टी हा औषधी काढा आहे असं समजून दिवसाला तीन-चार कप पिणाऱ्या पुष्कळ असतात. तोही चहाच्याच झाडाचा पाला, आणि त्यातही कॅफिन आहे. काश्मिरी काहव्याचंही तसंच.

कोलाच्या ३३० मिलीच्या कॅनमध्ये ३० ते ४० मिलिग्रॅम. एनर्जी ड्रिंकची २५० मिलीची बाटली ७५ पर्यंत जाते, आणि ती गरोदर व स्तनदा मातांसाठी नाही असं बाटलीवरच लिहिलेलं असतं. ही पेयं सरळ बंद. यात तडजोड सुचवण्याचंही कारण दिसत नाही. काळ्या चॉकलेटच्या ५० ग्रॅमच्या वडीत २५ पेक्षा कमी, दुधाच्या चॉकलेटमध्ये १० पेक्षाही कमी. त्याची काळजी नको.

हिशोबातून हमखास सुटतात त्या गोळ्या. डोकं दुखलं की घरात ठेवलेली सॅरिडॉन घ्यायची सवय असते. तिच्या एका गोळीत ५० मिलिग्रॅम कॅफिन आहे, आणि इतर दोन औषधंही. सर्दीच्या काही गोळ्यांतही कॅफिन असतं. अर्धशिशीच्या काही गोळ्यांत कॅफिनच्या जोडीला अर्गोटामिन असतं, आणि ते गरोदरपणात घ्यायचंच नाही. दुकानदाराला "डोकेदुखीची गोळी द्या" असं न म्हणता डॉक्टरांनी लिहून दिलेलं नाव सांगा.

पायरी ५: कमी करायचं, पण झटक्यात नाही

रोज ३०० घेणाऱ्या बाईने एका सकाळी चहा तोडला, तर बारा ते चोवीस तासांत डोकं ठणकायला लागतं. दुसरा दिवस सर्वांत वाईट जातो आणि त्रास आठवडाभरही रेंगाळू शकतो. सोबत चिडचिड, सुस्ती, मळमळ. पहिल्या तिमाहीत हे सगळं आधीच चालू असतं. त्यात भर नको.

दर दोन-तीन दिवसांनी पाव हिस्सा उतरवा. सुरुवात त्या कपापासून करा जो आवडतो म्हणून नाही, समोर आला म्हणून पिता: मीटिंगमधला, शेजारणीकडचा, साडेअकराचा. मग उरलेल्या चहाच्या चमच्यावरची शीग काढा. तिसऱ्या टप्प्यात सपाट चमच्याचा पाऊण करा. सकाळचा पहिला चहा सर्वांत शेवटी हाताळा, नाहीतर सगळाच बेत फसतो. साधारण दहा दिवसांत ३०० वरून १५० वर येता येतं.

पत्ती कमी केली की चहा "पाणचट" लागतो. त्यावर इलाज आपल्या परसातच आहे: गवती चहाची दोन-तीन पाती, ठेचलेलं आलं, वेलदोडा. आल्याने मळमळही जरा आटोक्यात राहते. दूध थोडं वाढवलं तर अंगही येतं. कॉफीवाल्यांनी अर्धी पूड नेहमीची, अर्धी डिकॅफ (कॅफिन काढलेली) अशी बरणी मिसळून ठेवावी. डिकॅफमध्येही कपाला २ ते १५ मिलिग्रॅम असतंच, पण ते मनावर घेण्याइतकं नाही.

आता काही युक्त्या ज्या चालत नाहीत. "मी फार उकळत नाही" याने विशेष काही वाचत नाही. दाणेदार पत्तीतलं बरंचसं कॅफिन पहिल्या दोन-तीन मिनिटांतच उतरतं. पुढच्या उकळीने उतरतो तो कडवटपणा. पत्ती अर्धा मिनिट भिजवून पहिलं पाणी फेकून दिलं तरी थोडंच कॅफिन जातं. दुधाने कॅफिन मरत नाही. आणि रंगावर तर मुळीच जाऊ नका. काही पत्ती लालभडक रंग देते, पण कॅफिनमध्ये इतरांसारखीच असते.

घरात चहा एकाच पातेल्यात होतो, आणि सासऱ्यांना कडकच लागतो, ही खरी अडचण. तेव्हा मसाला, दूध, साखर घालून उकळी आल्यावर, पत्ती पडायच्या आधीच आपला कप बाजूला काढा आणि त्यात वेगळी पाऊण चमचा पत्ती टाकून झाकून ठेवा. दोन पातेली घासायला नकोत आणि कुणाची चवही बिघडत नाही.

पायरी ६: वेळ सांभाळा, कारण प्रश्न एकट्या कॅफिनचा नाही

आपल्याकडच्या गरोदर बाईला चहाने होणारं खात्रीचं नुकसान लोहाचं आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या ५२.२ टक्के गरोदर महिलांच्या अंगात रक्त कमी आढळलं. चहातले टॅनिनसारखे घटक मेथी, डाळ, बाजरीतल्या लोहाला धरून ठेवतात आणि ते आतड्यातून शोषलं जात नाही. जेवणासोबत चहा घेतला तर त्या जेवणातलं लोह निम्म्याहून कमी मिळतं. कॉफीने त्यापेक्षा कमी नुकसान होतं, पण होतंच. आणि हे काम कॅफिन करत नाही, त्यामुळे डिकॅफ किंवा ग्रीन टी घेऊनही सुटका नाही.

म्हणून जेवणाआधी एक तास आणि जेवणानंतर दीड-दोन तास चहा नको. दुपारच्या जेवणावर लगेच घोटभर चहा घेण्याची सवय आधी मोडा. सरकारी दवाखान्यातून चौथ्या महिन्यापासून १८० दिवसांसाठी जी लोह आणि फॉलिक आम्लाची गोळी मिळते, तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह असतं. ती चहासोबत गिळली तर त्यातलं बरंचसं फुकट जातं. ती पाण्याबरोबर घ्या, लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर घेतलीत तर आणखी चांगलं. कॅल्शियमची गोळीही तिच्यासोबत नको. दोन तासांचं अंतर ठेवा. रात्री केशर घातलेलं दूध आणि लोहाची गोळी एकत्र घेणं ही तर घरोघरची चूक आहे. दुधातलं कॅल्शियमही लोहाच्या आड येतं.

थायरॉइडची गोळी चालू असेल तर आणखी एक गाठ. ती उपाशीपोटी साध्या पाण्याने घ्यायची असते, आणि त्यानंतर किमान अर्धा तास, जमलं तर एक तास, चहा-कॉफी नाही. गोळी आणि चहा एकाच हाताने घेणाऱ्या बाईचा टीएसएच (थायरॉइडच्या रक्ततपासणीतला आकडा) औषध वाढवूनही खाली येत नाही, तेव्हा आधी ही सवय तपासा. लोह आणि कॅल्शियम त्या गोळीपासून चार तास लांब.

हे सगळं एका दिवसात बसवून पाहू. साडेसहाला थायरॉइडची गोळी. साडेसातला पहिला चहा, पण रिकाम्या पोटी नाही. आधी दोन घास काहीतरी खा, नाहीतर जळजळ ठरलेली. नाश्ता नऊच्या पुढे. एकला जेवण आणि कॅल्शियम. साडेतीनला दुसरा चहा, आणि तो दिवसातला शेवटचा. आठला जेवण, त्याच्यासोबत कॅल्शियमची दुसरी गोळी सांगितली असेल तर ती. दहाला लिंबूपाण्याबरोबर लोह. दूध प्यायचं असेल तर सहाच्या सुमाराला. वेळा तुमच्या घड्याळाप्रमाणे सरकवा, अंतरं मात्र मोडू नका. डॉक्टरांनी गोळ्यांच्या वेगळ्या वेळा दिल्या असतील तर त्या पाळा आणि चहा त्यांच्या भोवती फिरवा.

साडेतीननंतर चहा नको, ही अट सातव्या महिन्यापासून कसोशीने पाळा. तोवर झोप तशीही लघवीसाठी उठण्यात आणि कूस बदलण्यात तुटत असते. त्यात कॅफिनची भर पडली की रात्र सरत नाही.

हातात कप हवाच असेल तर

पुष्कळींना तल्लफ चहाची कमी, गरम कपाची आणि निवांत बसण्याची जास्त असते. निव्वळ गवती चहा-आल्याचं पाणी, धण्या-जिऱ्याचं कोमट पाणी, वेलदोड्याचं दूध, नाचणीची आंबील यांत कॅफिन नाही. उन्हाळ्यात कोकम सरबत, ताक, सोलकढी. काढ्यांच्या बाबतीत मात्र हात आखडता ठेवा: "हर्बल" म्हटलं की सगळं निर्धोक असं नाही. ज्येष्ठमध रोजच्या काढ्यात नको. त्याने रक्तदाब चढू शकतो. वजन कमी करण्याचे म्हणून विकले जाणारे चहा पूर्ण वर्ज्य.

साखरेकडेही जाता जाता बघा. दिवसाचे पाच चहा, प्रत्येकी दोन चमचे, म्हणजे दहा चमचे साखर. गरोदरपणातला मधुमेह निघाला असेल तर कॅफिनच्या आधी हे थांबवावं लागेल.

डॉक्टरांशी कधी बोलायचं

एखाद्या दिवशी लग्नघरात चार कप झाले, तर घाबरून जाऊ नका. दुसऱ्या दिवशी कमी घ्या, बस्स. एका दिवसाने बाळाचं वजन ठरत नाही.

मात्र रक्तदाब वाढलेला असेल, हृदयाचे ठोके अनियमित असतील, सोनोग्राफीत बाळाची वाढ मागे दिसत असेल किंवा दम्यासाठी थिओफिलिन चालू असेल, तर २०० हा आकडा तुमच्यासाठी नाही. तुमची मर्यादा डॉक्टरांकडून ठरवून घ्या. रक्तदाब मोजायच्या आधी अर्धा तास चहा-कॉफी घेऊ नका, नाहीतर आकडा उगाच वर दिसतो.

सर्वांत महत्त्वाचं डोकेदुखीबद्दल. चहा कमी केल्यावर दुखणारं डोकं बहुधा दोन-चार दिवसांत उतरतं. पण पाचव्या महिन्यानंतर जोराची डोकेदुखी असेल, डोळ्यांपुढे अंधारी किंवा चमक येत असेल, चेहरा-हात सुजले असतील, वरच्या पोटात दुखत असेल, तर "चहा सोडल्याने होतंय" म्हणत घरी बसू नका. ही रक्तदाबाच्या गंभीर आजाराची लक्षणं असू शकतात. त्याच तासाला दवाखाना गाठा.

बाळंतपणानंतर

कॅफिन निकाली काढण्याचा आईचा वेग प्रसूतीनंतर काही आठवड्यांत पूर्ववत होतो. बाळाचा मात्र होत नाही. नवजात बाळाच्या अंगातलं निम्मं कॅफिन जायला तीन-चार दिवस लागतात. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना श्वास चालू राहावा म्हणून अतिदक्षता विभागात कॅफिनचंच औषध देतात, हे ऐकून काही जणी गोंधळतात. तो डोस वजनावर मोजलेला आणि देखरेखीखालचा असतो. आईच्या चहाशी त्याची तुलना नको.

अंगावर पाजणाऱ्या आईसाठीही २०० हीच मर्यादा धरतात. चहा घेतल्यावर साधारण तासाभराने दुधातलं प्रमाण सर्वांत वर असतं, म्हणून पाजून झाल्याझाल्या चहा घेणं सोयीचं. बाळ किरकिरं आहे, डुलकी लागत नाही आणि दुसरं कारण सापडत नाही, अशा वेळी चहा-कॉफी हळूहळू उतरवून आठवडाभर पूर्ण बंद ठेवून बघा. दोन दिवसांत निकाल काढू नका. बाळाच्या अंगातलं आधीचं कॅफिनच तोवर संपलेलं नसतं.